जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफीत) दुपारी पीक (ग्राफवरचे उंचवटे) लवकर येऊन राहिले, सकाळी बरोबर येतात. कॉलम गेला का?

बुटीबोरी_क्यूसी

नमस्कार सगळ्यांना. मी बुटीबोरी एमआयडीसीत एका एपीआय (औषधाचा मूळ घटक) कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल) आहे, तीन वर्षं झाली, त्यातलं एक वर्ष जीसीवर. रेसिड्युअल सॉल्व्हंट, म्हणजे औषधात उरलेलं सॉल्व्हंट, तपासतो. हेडस्पेस (बंद व्हायलमधली वाफ टोचतो), एफआयडी डिटेक्टर, ६२४ टाईपचा कॉलम (आतून फिल्म लावलेली बारीक नळी), ३० मीटर, ०.३२ मिमी आयडी (आतला व्यास), १.८ मायक्रॉन फिल्म, कॅरियर गॅस नायट्रोजन, कॉन्स्टंट फ्लो. ओव्हन ४० डिग्रीवर १० मिनिटं होल्ड आणि मग मिनिटाला १० च्या रेटने २२० पर्यंत रॅम्प. मेथड इन-हाऊस आहे, व्हॅलिडेटेड.

सोमवारी सकाळी ९ ला स्टँडर्ड (माहीत असलेल्या सॉल्व्हंटचं मिश्रण) लावलं, सहाचे सहा इंजेक्शन मस्त, सिस्टीम सुटेबिलिटी (मशीन नीट चालते का याची चाचणी) पास. सॅम्पल लावले, जेवून बाकीची कामं केली, साडेतीनला येऊन पाहतो तर एका सॅम्पलमध्ये अ‍ॅसिटोन दाखवून राहिलं. आता त्या प्रॉडक्टच्या रूटमध्ये अ‍ॅसिटोन कुठंच वापरत नाही, शेवटच्या स्टेपला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आहे फक्त. झूम करून पाहिलं तर पीक ३.६४ मिनिटांना. सकाळच्या स्टँडर्डमध्ये अ‍ॅसिटोन ३.६२ आणि आयपीए ३.७६ ला होता, म्हणून सॉफ्टवेअरने जवळचं नाव लावून टाकलं. मग ४ वाजताचं ब्रॅकेटिंग स्टँडर्ड (सॅम्पलनंतर पुन्हा लावायचं तेच स्टँडर्ड) आलं त्यात अ‍ॅसिटोन ३.५१ आणि आयपीए ३.६४. म्हणजे तो आयपीएच होता, नाव चुकीचं लागलं होतं. खरं सांगतो, हात गार पडले माझे, कारण मी फक्त टेबल पाहून पुढे पाठवलं असतं तर ते तसंच गेलं असतं.

इथाईल अ‍ॅसिटेट सकाळी ७.१०, दुपारी ६.८२. टोल्युईन १५.४० चा १५.२८. आणि रात्री ९ नंतर तेच स्टँडर्ड पुन्हा ७.१० च्या जवळ. दुसऱ्या दिवशी परत तसंच.

मंगळवारी संध्याकाळी सेप्टम (इनलेटवरची रबराची चकती) बदलला, लायनर (इनलेटमधली काचेची नळी) बदलला, फेरूल (कॉलमच्या जोडाचं सील) नवीन टाकली, कॉलम इनलेटकडून (सॅम्पल आत जाते त्या बाजूने) अर्धा मीटर कापला. बुधवारी सकाळी लावलं तर आता सकाळचेच पीक लवकर, इथाईल अ‍ॅसिटेट ६.८७, आणि दुपारी ६.६०. म्हणजे आधीपेक्षा वाईट झालं. सिनिअर म्हणतात कॉलम संपला, नवीन मागव. नवीन कॉलम यायला तीन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ बॅच अडकून राहतील. कोणाला असा अनुभव आहे का?

---

हिंगणा_सर्व्हिस

भाऊ, मी सर्व्हिसमध्ये आहे, रोज हेच पाहतो. आरटी (पीक बाहेर यायची वेळ) हलली की दहापैकी सात वेळा लीक असतो. सेप्टम तू बदलला ते ठीक, पण हेडस्पेसची ट्रान्सफर लाईन जिथं इनलेटला बसते तिथलं नट पाहिलं का? आणि नवीन फेरूल जर व्हेस्पेल-ग्रॅफाईट मिक्सची असेल तर ती दोन-चार वेळा ओव्हन गरम-थंड झाला की ढिली पडतेच, तिला पुन्हा पाव फेरा टाईट करावं लागतं, लोकं विसरतात. लीक डिटेक्टर नसेल तर निदान इनलेटचा प्रेशर होल्ड टेस्ट कर. साबणाचं पाणी लावू नको, ते आत ओढलं गेलं की वेगळंच लफडं होते.

सिलिंडर किती आहे तेही पाहून घे. लाईनमध्ये दुसरं इन्स्ट्रुमेंट सुरू झालं की प्रेशर पडते का ते पण.

---

संत्रातेल

मी फार्मात नाही, संत्र्याच्या सालीच्या तेलाचं काम करतो, पण जीसी तोच. आमच्याकडे आरटी हलायचं एक कारण वेगळंच असते. सालीच्या तेलात लिमोनीन नव्वद टक्क्यांच्या वर, त्यामुळे स्प्लिट (सॅम्पलचा बाहेर सोडून द्यायचा भाग) कमी ठेवला की कॉलमवर इतकं लिमोनीन पडते की पीक समोरून तिरपा होऊन त्याचं टोक उशिरा येते, बाजूचे छोटे पीक मात्र जागेवर. म्हणून मी आधी हेच पाहतो की एकच पीक हलला का सगळे. तुझे सगळे हलून राहिले, म्हणजे ओव्हरलोड नाही.

अजून एक. आम्ही आरटीवर नाव देतच नाही. अल्केनची सिरीज टोचतो आणि रिटेन्शन इंडेक्स (अल्केनच्या तुलनेत पीकची जागा) काढतो, जे कोवॅट्सने १९५८ मध्ये सुचवलं होतं. फ्लो थोडा इकडेतिकडे झाला तरी साध्या ५ टक्के फिनाईल कॉलमवर लिमोनीन १०३० च्या आसपासच येते. तुझ्या मेथडमध्ये ते बसणार नाही, पण इंटर्नल स्टँडर्ड (सॅम्पलमध्ये मुद्दाम टाकलेला ओळखीचा पदार्थ) असेल तर रिलेटिव्ह रिटेन्शन (त्याच्या तुलनेतली वेळ) तरी पाहून घे.

---

लॅबताई

हिंगणा भाऊ, लीकचं तुमचं म्हणणं एरवी बरोबर आहे पण इथं दिशा उलटी आहे. लीक झाला किंवा गॅस कमी पडला तर कॉलममधला फ्लो कमी होतो आणि पीक उशिरा येतात. याचे लवकर येऊन राहिले. सप्लाय प्रेशर कमी पडत असतं तर कॉन्स्टंट फ्लोमध्ये ओव्हन वर चढताना जास्त प्रेशर लागते, तेव्हा ते मिळालं नसतं आणि शेवटचे पीक मागे सरकले असते, सुरुवातीचे जागेवर राहिले असते. इथं सुरुवातीचे जास्त हलले आणि टोल्युईन कमी.

बुटीबोरी दादा, तू चार गोष्टी एकाच संध्याकाळी बदलल्या ना, म्हणून आता दोन वेगळे प्रॉब्लेम एकात एक गुंतले आहेत असं मला वाटते. आधी सोमवारचं पाहू, कापायच्या आधीचं.

इथाईल अ‍ॅसिटेट ७.१० चा ६.८२, म्हणजे साधारण ४ टक्के. टोल्युईन १५.४० चा १५.२८, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. इथाईल अ‍ॅसिटेट पूर्ण ४० डिग्रीच्या होल्डमध्येच बाहेर येतो. टोल्युईन अर्धा रस्ता रॅम्पमध्ये काढतो. म्हणजे गडबड ४० डिग्रीच्या होल्डमध्ये आहे, ओव्हन चढायला लागला की ती पुसली जाते. आणि दुपारी होते, रात्री जाते. आता मला हे सांग:

लॅबमध्ये दुपारी ३ ला किती टेम्परेचर असते? एसीच्या डिस्प्लेवरचं नको, जीसीच्या मागे, भिंत आणि मशीनच्या मधे थर्मामीटर ठेवून पाहा. नवतपा सुरू आहे, बाहेर ४५ च्या वर जाऊन राहिलं.

रन सुरू असताना होल्डमध्ये ओव्हनचं अ‍ॅक्च्युअल टेम्परेचर डिस्प्लेवर काय दिसते? सेट नाही, अ‍ॅक्च्युअल.

आणि मिथेन टोचून डेड टाईम (फिल्मवर न थांबणाऱ्या गॅसला कॉलम पार करायला लागणारा वेळ) काढ, सकाळी एकदा, दुपारी एकदा. हेडस्पेस आहे तर सोपं आहे, रिकाम्या व्हायलमध्ये थोडा मिथेन सोडून कॅप कर आणि नेहमीसारखी लाव. मिथेन कॅलिब्रेशन गॅसचा वापर, लायटरचा गॅस वापरू नको. लायटरमध्ये ब्युटेन असते आणि तुझ्या १.८ मायक्रॉनच्या जाड फिल्मवर ४० डिग्रीला ब्युटेन थांबतो, त्यामुळे डेड टाईम चुकीचा येईल आणि तू अजून गोंधळशील. आमच्या लॅबमध्ये एका मुलाने हेच केलं होतं आणि दोन दिवस फ्लो दुरुस्त करत बसला, जो मुळात बिघडलाच नव्हता.

मिथेन फिल्मवर थांबत नाही, फक्त गॅसबरोबर वाहत जातो. तो जागेवर असेल तर फ्लो ठीक, आणि बाकीचे हलले असतील तर टेम्परेचर किंवा फिल्म. तोही हलला असेल तर फ्लो किंवा लांबी. हा एक आकडा घेतल्याशिवाय कॉलम बदलायचा विचारसुद्धा करू नको.

---

पीक_विंडो

तोपर्यंत काम अडू नये म्हणून आरटी विंडो (नाव लावताना सॉफ्टवेअर वेळेत जेवढा फरक चालवून घेते ती मर्यादा) थोडी मोठी करून टाक ना, ५ टक्के ठेव, म्हणजे दुपारी पण नाव बरोबर लागेल. आम्ही करतो.

---

लॅबताई

हे करू नका, कळकळीने सांगते. त्याचा अ‍ॅसिटोन ३.६२ आणि आयपीए ३.७६, दोघांत फरक ०.१४ चा. ३.६२ चे ५ टक्के म्हणजे ०.१८. विंडो मोठी केली की दोन्ही विंडो एकमेकांवर चढतात आणि सोमवारी जे एकदा झालं ते रोज होईल, फक्त कोणाच्या लक्षात येणार नाही. शिवाय व्हॅलिडेटेड मेथडमध्ये चेंज कंट्रोलशिवाय (बदलाच्या रीतसर मंजुरीशिवाय) असं करता येत नाही. ते औषध कोणीतरी खाणार आहे, आपल्या घरचंही कोणी खात असेल.

---

बुटीबोरी_क्यूसी

ताई, सगळं करून पाहिलं. आज पहाटे साडेपाचला आलो मुद्दाम, थंड वेळेचा आकडा मिळावा म्हणून.

मिथेन सकाळी १.३८, दुपारी साडेतीनला १.३८. अजिबात हलला नाही. पण इथाईल अ‍ॅसिटेट सकाळी ६.८७ आणि दुपारी ६.६०.

ओव्हन अ‍ॅक्च्युअल: सकाळी होल्डमध्ये ४०.० वर घट्ट बसून. दुपारी रेडी लाईट यायलाच लय वेळ लागला, आला तेव्हा ४०.२ होतं, इंजेक्ट झालं, आणि मी डिस्प्लेसमोर उभा राहून पाहिलं तर तिसऱ्या मिनिटाला ४०.९, पाचव्याला ४१.३, मग ४१.४-४१.५ वर थांबून राहिलं. मागची फ्लॅप पूर्ण उघडी होती तरी खाली येईना. एक वर्ष झालं या मशीनवर, मी कधी रन सुरू असताना तो आकडा पाहिलाच नव्हता, रेडी आला की पुढच्या कामाला जायचो.

टेम्परेचर: लॅबच्या मधे ३१, जीसीच्या मागे ३८. आमच्याकडे दोन एसी आहेत, त्यातला एक मागच्या शुक्रवारपासून दुपारी लोड आला की ट्रिप होते, मेंटेनन्सला सांगितलं आहे. आणि मागच्या महिन्यात टेबल सरकवलं तेव्हा दोन्ही जीसी भिंतीला चिकटवून ठेवले, मधे वीत-दीड वीत जागा असेल. बाजूच्या जीसीची गरम हवा त्याच फटीतून इकडे येते. हात घालून पाहिला तर चुलीजवळ लागते तशी झळ लागली.

पण मग एक कळलं नाही. मिथेन दोन्ही वेळा सारखा आहे म्हणजे फ्लो ठीक, मग बुधवारपासून सकाळचेही लवकर का येऊन राहिले? सकाळी तर ओव्हन ४०.० च होता.

---

लॅबताई

शाब्बास, पहाटे येऊन मोजलं ते फार चांगलं केलं.

दुपारचा उलगडा झालाच. बहुतेक जीसीचे ओव्हन खोलीच्या हवेपेक्षा साधारण ४ डिग्री वरपर्यंतच नीट कंट्रोल करतात, त्याच्या खाली जायला थंड हवाच नसते. ओव्हन थंड व्हायला हवा मागून ओढतो आणि तुझ्या मागे ३८ आहे, वरून इनलेट आणि डिटेक्टर दोनशेच्या वर तापलेले. रेडीला क्षणभर जवळ पोचतो आणि मग आत झिरपणारी उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणून चढतो. इतक्या कमी टेम्परेचरला एका डिग्रीला रिटेन्शन (फिल्मवर थांबायचा वेळ) साधारण ३ ते ४ टक्क्यांनी कमी होते. डेड टाईम वजा करून पाहा, ६.८७ मधून १.३८ गेले ५.४९, ६.६० मधून १.३८ गेले ५.२२. पाच टक्के कमी. दीड डिग्रीला बरोबर बसते. कॉलमला काही झालं नाही.

आता सकाळचं. कॉलम पहिल्यांदा बसवला त्या दिवशीचा मिथेन लॉगबुकमध्ये असेल, तो पाहा. माझा अंदाज १.४३ च्या आसपास. तू अर्धा मीटर कापला पण सॉफ्टवेअरमध्ये कॉलमची लांबी अजून ३० च आहे का? असेल तर मशीन ३० मीटरच्या हिशोबाने प्रेशर देते. नळी छोटी झाली म्हणून अडथळा कमी, गॅस जोरात जातो, आणि जायचं अंतरही कमी. दोन्ही मिळून वेळ लांबीच्या वर्गाने घटतो. २९.५ चा वर्ग भागिले ३० चा वर्ग काढ, ०.९६७ येते. १.४३ गुणिले ०.९६७, १.३८. आणि ७.१० गुणिले ०.९६७ म्हणजे ६.८७. तुझा सकाळचा आकडा.

---

बुटीबोरी_क्यूसी

ताई!! लॉगबुकमध्ये १.४३ च आहे. आणि लांबी ३० च होती. मी कापला पण टाकली नाही, मला कोणी सांगितलंच नव्हतं की ती टाकायची असते. दोन दिवस मी मनातल्या मनात कॉलमला दोष देऊन राहिलो होतो.

---

हिंगणा_सर्व्हिस

ताईंचं बरोबर आहे, मी लवकर-उशिरा न पाहता लीक लिहून मोकळा झालो. लांबी न बदलण्याचा प्रकार मी पण खूप ठिकाणी पाहिला आहे. कापला की त्याच वेळी लॉगबुकमध्ये किती सेंटिमीटर कापला ते लिहायचं आणि लगेच सॉफ्टवेअरमध्ये नवीन लांबी टाकायची, नंतर करतो म्हटलं की राहतेच. अर्धा मीटर टाकल्यावर मिथेन १.४३ वर परत येईल असं समजू नको हं, फ्लो बरोबर होईल पण कॉलम खरोखर छोटा झाला आहे, १.४१ च्या आसपास येईल.

गरम हवेचं सांगतो. मशीन भिंतीपासून निदान एक फूट पुढे घे. मागच्या एक्झॉस्टला डिफ्लेक्टर मिळतो, हवा सरळ भिंतीवर न जाता वर जाते, तो लाव. नसेल तर तोपर्यंत दोन जीसीच्या मधे नुसता एक पत्र्याचा आडोसा केला तरी बाजूची झळ येत नाही. टेबल फॅन लावू नको मागे, तो गरम हवाच फिरवतो आणि ओव्हनची फ्लॅप नीट काम करत नाही. आणि कूलर तर लॅबमध्ये आणूच नको, मे महिन्यात कोणीतरी आणतेच, बाकी इन्स्ट्रुमेंट आणि बॅलन्सला ती ओल चालत नाही.

---

संत्रातेल

इथून एक विचारतो. मेथड ४० ऐवजी ४५ वर सुरू केली तर उन्हाळ्याचा त्रासच जाईल ना?

---

लॅबताई

जाईल, पण ती वेगळी मेथड होईल, आणि अ‍ॅसिटोन-आयपीए जवळ येतील का हे आधी पाहावं लागेल. फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या) मेथडला ओव्हनच्या टेम्परेचरमध्ये १० टक्क्यांपर्यंत बदलाची मुभा आहे, सिस्टीम सुटेबिलिटी पास होत असेल तर. ४० वर १० टक्के म्हणजे ४४. याची इन-हाऊस आहे, क्यूएशी (क्वालिटी अ‍ॅश्युरन्सशी) बोलून, चेंज कंट्रोल टाकून, व्हॅलिडेशन पाहून करता येईल. नागपूरच्या हवेत ४० ला सुरू होणारी मेथड लिहितानाच विचार करायला पाहिजे होता असं माझं मत आहे, मेथड डेव्हलपमेंट बहुतेक डिसेंबर-जानेवारीत झालं असेल. पण आत्ता त्याला बॅच सोडायच्या आहेत, म्हणून एसी आणि जागा आधी.

आणि दादा, मंगळवारच्या आधीचे जे दुपारचे रन झाले, निदान एसी ट्रिप व्हायला लागला त्या शुक्रवारपासूनचे आणि टेबल हलवल्यापासूनचे, त्यात कुठं नाव चुकीचं लागलं आहे का ते पुन्हा उघडून पाहा. ते क्यूएला सांगूनच कर, इन्सिडंट नोंदवून. अवघड वाटेल पण तू स्वतः सांगितलेलं बरं.

---

बुटीबोरी_क्यूसी

चार दिवसांनी लिहून राहिलो, माफ करा, मधे वेळच नाही मिळाला.

क्यूएला सगळं सांगितलं, इन्सिडंट उघडला. टेबल हलवल्यापासूनचे सगळे दुपारचे क्रोमॅटोग्राम दोघांनी मिळून उघडले, एकेक झूम करून, ब्रॅकेटिंग स्टँडर्ड बाजूला ठेवून. सोमवारचा तो एकच सॅम्पल निघाला ज्यात नाव चुकलं होतं, आणि तो बाहेर गेलेला नव्हता. बाकीच्यांत एक तर आयपीए-अ‍ॅसिटोन नव्हतेच, नाहीतर पीक विंडोत बरोबर पडले होते. ते पाहून मी खरंच खुर्चीत बसून राहिलो पाच मिनिटं.

एसीचा कॉम्प्रेसर बदलला. दोन्ही जीसी सव्वा फूट पुढे घेतले, मधे आडोसा केला. लांबी २९.५ टाकली. काल बाहेर तशीच आग होती, दुपारी साडेतीनला जीसीच्या मागे २९. मिथेन सकाळी १.४१ दुपारी १.४१. ओव्हन दहाही मिनिटं ४०.० वर. इथाईल अ‍ॅसिटेट सकाळी ६.९८, दुपारी ६.९७. आयपीए आणि अ‍ॅसिटोन आपापल्या जागी. कॉलमची ऑर्डर सिनिअरनी स्वतःच थांबवली.

जीसीच्या मागे आता एक थर्मामीटर कायमचा टांगला आहे आणि लॉगबुकमध्ये एक नवीन रकाना पाडला, दुपारी ३ चं टेम्परेचर आणि होल्डच्या पाचव्या मिनिटाचं ओव्हन अ‍ॅक्च्युअल. मिथेनची व्हायल दर सोमवारी लावायची असं ठरलं.

ताई, एक अजून विचारायचं होतं. बाजूच्या जीसीवर वॅक्स कॉलम आहे, त्याची मेथड ५० ला सुरू होते, तिथं आरटी हलत नाही पण अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा पीक मागून ओढल्यासारखा होऊन राहिला. ते पण उन्हाचंच का?

---

लॅबताई

नाही, ते उन्हाचं वाटत नाही. लायनर कधी बदलला तिथला? आणि फक्त अ‍ॅसिडच ओढतो की अल्कोहोलसुद्धा? दोन्हींचे चार्ट टाक, नवीन धागा काढून टाक म्हणजे इथं मिसळणार नाही. आणि यावेळी मी सांगेपर्यंत काही कापू नको.